डावी अकरा, उजवी सतरा

वनखात्याच्या त्या कार्यालयात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. जुनी माणसं एकेक करून निवृत्त झाली, आणि नव्यांना ती आल्या दिवसापासून ठिपकेबाई म्हणूनच ठाऊक होती. हजेरीपत्रकावर नाव होतं खरं, पण हजेरीपत्रक काही हाका मारत नाही.

तिची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. जप्त केलेलं लाकूड ठेवायच्या गोदामात मध्ये प्लायवूडची भिंत घालून अर्धा भाग तिला दिलेला. भिंतीपलीकडून ओल्या सालीचा वास यायचा. एक टेबल, एक संगणक, मूठ तुटल्यामुळे मुठीला बँडेजची पट्टी गुंडाळलेलं एक भिंग आणि चार खणांचं लोखंडी कपाट. खिडकीला जाळी, आणि जाळीतून दिसायची पाण्याची टाकी व जीप उभी करायची शेड. चोवीस वर्षं तिने याच खिडकीकडे पाठ करून काम केलं, कारण समोरून उजेड आला की पडद्यावरचं नीट दिसत नसे.

काम असं. जंगलात आणि जंगलाच्या कडेला झाडांना, खांबांना कॅमेरे बांधलेले असत. समोरून काही ऊबदार अंगाचं गेलं की फोटो आपोआप निघायचा. दर सोमवारी वनरक्षक कॅमेऱ्यांतली कार्डं काढून पत्र्याच्या डबीतून तिच्याकडे आणायचा. हजार फोटोंतले नऊशे निव्वळ फुकट: वाऱ्याने हललेलं गवत, कुत्री, गाई, सरपणाची मोळी घेतलेल्या बायका, एकमेकांचा हात धरून निघालेली आणि कॅमेरा दिसताच हात सोडणारी जोडपी. माणसांचे फोटो त्याच दिवशी पुसायचे असा नियम होता आणि ती तो काटेकोरपणे पाळायची. उरलेल्या फोटोंत कुठेतरी बिबट्या असायचा. तो कोणता, हे सांगणं तिचं काम.

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके अंगठ्याच्या ठशासारखे असतात, दोन जनावरांचे कधी सारखे नसतात. पण खरी मेख पुढेच आहे. एकाच जनावराच्या डाव्या कुशीवरचे ठिपके त्याच्याच उजव्या कुशीशी जुळत नाहीत. म्हणून कॅमेरे दोन लावायचे, समोरासमोर, म्हणजे दोन्ही बाजू एकदमच टिपल्या जातात. जिथे एकच कॅमेरा असेल तिथल्या जनावराला पक्का नंबर द्यायचा नाही. डाव्यांचा गठ्ठा वेगळा, उजव्यांचा वेगळा, आणि दोन गठ्ठ्यांची बेरीज कधीही करायची नाही. नव्याने रुजू झालेल्यांना हे तीच शिकवायची.

"दाराबाहेर एक डावी चप्पल दिसली आणि एक उजवी. घरात माणसं किती?"

"दोन?"

"मग तुम्ही लंगडी घालत घरी जाता वाटतं!"

इतक्या वर्षांत तिने जिवंत बिबट्या एकदाही पाहिला नव्हता. हेडक्लार्क याच गोष्टीवरून तिची खेचायचा. "ठिपकेबाई, रस्त्यात समोर उभा राहिला तर काय कराल हो?"

"म्हणेन, साहेब, जरा वळा. उजवी बाजू दाखवा."

सगळे हसायचे, आपापल्या टेबलांकडे जायचे, आणि ती प्लायवूडच्या आड. एकदा आत गेली की डब्याच्या वेळेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही. कोणाच्या मनात काही नसायचं. तिथे जायचं कारणच नसायचं कोणाला.

घर म्हणजे टपाल कार्यालयामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लग्न झालं नाही. का झालं नाही, याची प्रत्येक नातेवाइकाकडे वेगळी हकिगत होती आणि तिने एकही खोडून काढली नाही. आई होती तोवर आईचं करण्यात दिवस जायचा. आईला जाऊन तीन वर्षं होत आली, तरी ती अजून न्हाणीघराचं दार आतून लावत नसे. बाहेरच्या खोलीत आई पडली तर ऐकू यावं म्हणून लागलेली सवय.

थोरली बहीण दुसऱ्या शहरात, मुला-नातवंडांत. दर रविवारी अकराला तिचा फोन.

"पाच महिन्यांनी निवृत्त होशील. मग काय त्या दोन खोल्यांत पाली मोजत बसणार आहेस? ये इकडे."

"ताई, साहेबांनी वर लिहिलंय. अजून दोन वर्षं ठेवून घेतील मला."

"दोन वर्षांनी काय होणार आहे?"

"दोन वर्षं होतील."

"तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," असं म्हणून ताई फोन धाकट्या नातीकडे द्यायची. नात फोनमध्ये श्वास घ्यायची आणि तो खाली ठेवायची.

ती दोन वर्षं मिळतील, या एका गोष्टीवर ठिपकेबाईने सगळं टांगून ठेवलं होतं. सकाळी उठून कुठेतरी जायचं आहे, कोणीतरी डबीतून कार्डं आणणार आहे, आणि त्यांत ओळखीचं कोणी असणार आहे. ओळखीचं म्हणजे एकसष्ट बिबटे. त्यांतल्या दोन माद्यांवर तिचा विशेष जीव होता.

जंगल संपून फळबागा सुरू होतात त्या पट्ट्यात या दोघी राहायच्या. मादी अकरा संध्याकाळी, साडेपाच ते सातच्या दरम्यान, बागेच्या दगडी कुंपणाच्या कडेने जायची. तिथे एकच कॅमेरा, म्हणून तिची कायम डावी बाजू दिसायची. मादी सतरा सकाळी कालव्याच्या वाटेने यायची. तिथे पंपघराच्या खांबावर एकच कॅमेरा, आणि तिची कायम उजवी बाजू. बागांच्या बाजूला कॅमेरे कमीच होते, आहेत ते आधी जंगलात. तीन वर्षांत या दोघी एकमेकींच्या वेळेला कधी आल्या नाहीत.

"दोघी समजूतदार आहेत," ती वनरक्षकाला सांगायची. हा वनरक्षक पन्नाशीचा. सगळं कार्यालय त्याला मामा म्हणायचं, म्हणून तीही म्हणायची. "एकीची संध्याकाळ, एकीची सकाळ. सख्ख्या जावांचं इतकं पटत नाही."

"वाटणी झाली की पटतं, बाई. आमच्या दोन्ही काकांनी अंगणात भिंत घातली आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून बोलायला लागले. त्याआधी सात वर्षं अबोला."

"सतराला कळत असेल ना, आदल्या संध्याकाळी ती अकरा इकडून गेली ते?"

"वासावरून सगळं कळतं. कोण गेलं, पोटात काय आहे, मूड कसा आहे. आपलं पेपर वाचल्यासारखं."

हे ऐकायला तिला फार बरं वाटायचं. भेट नाही, बोलणं नाही, पण शेजारी कोणीतरी राहतं हे दोघींनाही रोज ठाऊक असतं. संध्याकाळी घरी जाताना, जिन्यात दुसऱ्यांच्या बंद दारांवरून जाताना, तिला हे कधीकधी आठवायचं.

त्या हिवाळ्यात बागांच्या वस्तीतली वासरं जाऊ लागली. आधी दोन, मग आणखी तीन, मग साखळीचा कुत्रा साखळीसकट. एका सकाळी बिबट्याची एक मादी बालवाडीच्या पत्र्यावर बसलेली मुलांनीच पाहिली. त्या दिवशी लोकांनी साहेबांची जीप अडवली आणि दुपारपर्यंत सोडली नाही.

अशा वेळी काय करायचं ते व्यवस्थापन आराखड्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या पट्ट्यात वयात आलेल्या माद्या चारपेक्षा जास्त असतील तर एक पकडून कायमची बंदिस्त जागेत न्यायची. चार किंवा कमी असतील तर एकीलाही हात लावायचा नाही, गोठेच पक्के करून द्यायचे. ठिपकेबाईच्या नोंदीप्रमाणे माद्या पाच होत्या. साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"कोणती काढायची, बाई? तुम्ही सांगाल ती."

तिने सगळी रात्र या प्रश्नावर घालवली नाही. उत्तर समोरच होतं. अकराच्या मागे दोन महिन्यांपूर्वी एका फोटोत दोन पिल्लं दिसली होती, मांजराएवढी. सतरा नेहमी एकटी.

"सतरा," ती म्हणाली. "तिला पिल्लं नाहीत."

बोलून बाहेर आल्यावर तिला व्हरांड्यातल्या बाकावर जरा टेकावं लागलं. हेडक्लार्कने विचारलं, "काय हो, चक्कर आली?" ती म्हणाली, ऊन लागलं. बाहेर ढग होते.

बुधवारी दुपारी पिंजरा न्यायचा ठरला. त्याआधीच्या सोमवारी मामाने पंपघराचं कार्ड आणलं, टेबलावर ठेवलं आणि तो चहाला गेला. अकरा वाजून गेले होते. ती एकेक फोटो पुढे सरकवत होती. कालवा, कालवा, बगळा, कालवा. मग सकाळचे सहा बारा. सतरा, उजवी बाजू, नेहमीची चाल. पुढच्या फोटोत तिने मान मागे वळवलेली, कान आडवे. बहुधा पंप सुरू झाला असावा. तिसऱ्या फोटोत ती पूर्ण वळून आल्या वाटेने परत निघाली होती.

आल्या वाटेने, म्हणजे डावी बाजू कॅमेऱ्याकडे.

खांद्यामागे कोयत्यासारखी वाकलेली चार ठिपक्यांची ओळ आणि तिच्या खाली मधोमध तुटलेला एक ठिपका. भिंग उचलायचीसुद्धा गरज नव्हती. आपल्या घरातलं माणूस पाठमोरं ओळखायला कोणाला भिंग लागतं? तरी तिने उचललं. तरी कपाट उघडलं, अकराचं फोटो चिकटवलेलं नोंदीचं कार्ड काढलं, पडद्याशेजारी धरलं आणि वरून खाली सगळे ठिपके मोजले. दोनदा. ती अकरा होती.

मग सतराचं कार्ड काढलं. ते तिच्याच अक्षरात होतं, आणि अक्षर घाईचं होतं. वर तारीख. ती तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला होता की आई न्हाणीघरात पडली. वार्षिक अहवाल पाचच्या आत वर जायचा होता. साडेतीनला निघण्याआधी तिने उरलेली कार्डं एकामागून एक लिहून काढली, सगळ्यांची बेरीज केली आणि पळाली. 'बाजू' या रकान्यात तिने काहीच लिहिलं नव्हतं. डाव्या गठ्ठ्यातली एक आणि उजव्या गठ्ठ्यातली एक, दोन्ही पक्क्या झाल्या. आई आठ दिवसांनी गेली. ती परत कामावर आली तोवर पाच हा आकडा छापून झाला होता, आणि छापलेल्या आकड्याकडे कोणी पुन्हा बघत नाही. तिने स्वतःही बघितलं नाही. चोवीस वर्षं दुसऱ्यांना चपलांचा हिशेब शिकवला आणि स्वतःच्या दारातल्या चपला मोजताना चुकली.

तिने दोन्ही कार्डं खणात ठेवली. मामा चहाहून आला तेव्हा ती पुढचे फोटो बघत होती.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी मामाने शेडमध्ये पिंजरा काढला आणि त्याच्या सरकत्या दाराला ग्रीस लावायला घेतलं. दार वर चढवायचा, सोडायचा. लोखंड लोखंडावर आदळल्याचा आवाज जाळीतून आत यायचा. प्रत्येक आवाजाला तिचे खांदे उडत. दुपारी तो हात पुसत दाराशी आला.

"बाई, डबा उघडला नाहीत आज?"

तिने खण उघडून दोन्ही कार्डं त्याच्यापुढे ठेवली आणि पडद्यावरचे तिन्ही फोटो दाखवले. समजावून सांगावं लागलं नाही. तो खुर्ची ओढून खाली बसला.

"अरे देवा. म्हणजे पिल्लांची आई पकडणार आम्ही?"

"हो."

"कोणाला सांगितलंत?"

"तुम्हाला."

तो आवाज उतरवून म्हणाला, "ऐका. बोलू नका कुठे. पिंजरा मीच लावणार आहे ना? दाराच्या खाचेत खुंटी मारून ठेवतो. पडणारच नाही दार. दहा दिवस बसेल पिंजरा, सापडलं नाही म्हणून उचलून आणू. लोकांना वाटेल प्रयत्न केला, साहेबांचं तोंड राहील, तुमची दोन वर्षं पण कुठे जात नाहीत. साप भी मरे..."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी काय?"

"पुढच्या वर्षी मी किती लिहू? पुन्हा पाच? मग पुन्हा पिंजरा आणि पुन्हा तुमची खुंटी?"

"पुढच्याचं पुढे. इतकी वर्षं नाकासमोर चाललात, एकदा डोळा झाका की!"

मामाचं म्हणणं सोपं होतं आणि तिच्या मनातही ते सोमवारपासून दहादा येऊन गेलं होतं. पण त्यातून एक गोष्ट सुटत नव्हती. सतरा लिहायची म्हणजे जी नाही तिचा नंबर, तिची वेळ, तिची वाट दर सोमवारी स्वतःच्या हाताने लिहायची. आतापर्यंत लिहिलं ते चुकून. यापुढचं खोटं ठरलं असतं.

ती उठली. मामा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करताय, बाई."

"दाखवायचेच असतात हात. दोन्ही," ती म्हणाली आणि कार्डं घेऊन साहेबांकडे गेली.

साहेब तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. टेबल नेहमी स्वच्छ, बोलणं मोजकं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग पेनाचं टोपण लावलं.

"गेल्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, सतरा."

"हो, साहेब."

"आणि आता म्हणताय, सतरा नाहीच."

"नाही. माद्या चारच आहेत. माझी चूक आहे."

"तीन वर्षांचे अहवाल, बाई! त्यांतल्या दोनांवर माझी सही आहे. वरच्या बैठकीत तुमचं उदाहरण देतो मी. म्हणतो, संगणक चुकेल, आमच्या बाई चुकायच्या नाहीत."

ती उभीच होती. त्यांनी बसा म्हटलं नाही, मग त्यांच्याच लक्षात आलं, मग हाताने खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"उद्या वस्तीवर दोनशे माणसं जमतील पिंजरा बघायला," ते म्हणाले. "त्यांना काय सांगू? आमच्या बाईंनी बेरीज चुकवली, म्हणून तुमची वासरं देवाच्या भरवशावर?"

"मी सांगते."

"तुम्ही? तुम्ही कधी जीपमध्ये तरी बसलात का?"

"बसेन."

बुधवारी जीप निघाली तेव्हा मागे पिंजरा नव्हता, जाळीची भेंडोळी होती. फळं भरायच्या शेडमध्ये लोक जमले होते, खोक्यांवर, पोत्यांवर, दारात. साहेबांनी दोन वाक्यांत प्रस्तावना केली आणि ते बाजूला झाले. ठिपकेबाईने दोन फोटो मोठे छापून आणले होते. एका हातात डावी बाजू, एका हातात उजवी. इतक्या लोकांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. पहिली दोन वाक्यं पुढच्या रांगेपलीकडे गेलीच नाहीत.

"मोठ्याने बोला हो! बिबट्या झोपलाय वाटतं," मागून कोणीतरी ओरडलं.

तिने पुन्हा सुरुवात केली. दोन समजल्या होत्या त्या एकच आहेत, एकच असल्यामुळे पकडता येणार नाही, चूक तिची आहे. बोलून झाल्यावर शेडमध्ये गलका झाला. पुढे एक म्हातारी उभी होती, पाचातली दोन वासरं तिची गेलेली. ती कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"थांब, मला नीट कळू दे. दोन असत्या तर एक नेली असती."

"हो, आजी."

"एकच आहे, म्हणून ती ठेवायची."

"हो."

"म्हणजे आमचं नुकसान दुप्पट असतं तर तुम्ही निम्मं केलं असतं. हा कुठल्या शाळेतला हिशेब ग?"

लोक हसले.

"चूक तुमची आणि राखण आमची!"

"गोठ्यांना जाळी बसवून देणार आहेत, आजी. प्रत्येक गोठ्याची मी स्वतः बघून घेईन."

"तू काय बघणार? तुला डावं-उजवं कळेना!"

आता तर शेड नुसती दणाणली. साहेब बुटांकडे बघत होते, मामा भेंडोळ्याची गाठ सोडण्यात गुंतला होता. ठिपकेबाईने दोन्ही फोटो खाली केले. मग त्या हसण्याच्या मधेच, कोणाला उद्देशून नाही, ती म्हणाली, "ती एकटीच आहे. संध्याकाळी जाते, सकाळी त्याच पोरांकडे परत येते. मला वाटायचं शेजारी दुसरी आहे. कोणी नाही."

पुढच्या रांगेतल्यांनी तेवढं ऐकलं. आजीने पायाने एक रिकामं खोकं तिच्याकडे ढकललं.

"बस. उभ्याने किती शिव्या खाशील?"

ती बसली, आणि अर्धा तास बसून उरलेल्या शिव्या खाल्ल्या.

पुढच्या पंधरवड्यात सगळं जिथल्या तिथे गेलं. चौदा गोठ्यांना जाळी आणि दारं बसली. ती दिवसाआड जीपने जायची, प्रत्येक कडी स्वतः ओढून बघायची. तिला दोन वर्षं ठेवून घेण्याचा कागद वरून परत आला, त्यावर एक ओळ होती: पुढील वर्षापासून ओळख पटवण्याचे काम मुख्यालयात संगणकाद्वारे होईल. तोवर तिने मागच्या सगळ्या एकबाजू नोंदी पुन्हा तपासाव्यात, असाही आदेश होता. अठ्ठेचाळीस कार्डं. ती सहा आठवडे त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून बसली. दुसरी चूक निघाली नाही. तसा अहवाल तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला, आणि पुढे त्याविषयी कोणी काही विचारलं नाही.

रविवारी ताई म्हणाली, "मग आता येशील ना?"

"बघते."

"बघते म्हणजे काय?"

"ताई, तुझी ती खोली कुठल्या बाजूला आहे? सकाळी ऊन येतं का?"

ताई इतकी गडबडली की तिला स्वतःच्याच घराच्या दिशा आठवेनात.

सतराचं कार्ड मात्र रद्द करायचं राहून गेलं होतं. एका दुपारी तिने ते काढलं. नियमाप्रमाणे लाल शाईने आडवी रेघ, खाली तारीख, सही, आणि 'अकरामध्ये विलीन'. हे शब्द तिने लिहिले आणि शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसली. खात्याच्या हिशेबी कोणी मेलं नव्हतं, कोणी पळून गेलं नव्हतं. जी कधी नव्हतीच तिचा शोक कुठल्या तोंडाने करणार? पण तीन वर्षं दर सोमवारी ती सतराची वाट बघत आली होती. अकरा संध्याकाळी गेली, आता सकाळी सतरा येईल, तिला अकराचा वास लागेल. कोणालाच कोणाचा वास लागत नव्हता. मादी आपल्याच वासावरून घरी परत येत होती.

अखेर पंपघरासमोर दुसरा कॅमेरा मंजूर झाला. मामाने खांब पुरला, पट्टा आवळला. कॅमेरा नवा लावला की समोरून कोणीतरी चार पायांवर जायचं असतं, जनावराच्या उंचीवर नेम बरोबर बसलाय का ते बघायला. हे काम नेहमी मामाचं, पण त्या सकाळी त्याचा गुडघा सुजला होता आणि ड्रायव्हर तर जीपमधून उतरायलाही तयार नव्हता.

"मी जाते," ठिपकेबाई म्हणाली.

"तुम्ही? अहो, अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"बिबट्याचं वय विचारतो का तुमचा कॅमेरा?"

तिने चष्मा काढून मामाकडे दिला, तळवे मातीवर टेकले आणि निघाली. माती गार होती. कालव्याच्या वासात आणखी एक उग्र, तुपकट वास होता, तो कसला हे मामाला विचारायचं तिने ठरवलं आणि मग विचारलं नाही. दोन्ही खांबांवरचे लाल दिवे एकदम लुकलुकले.

"परत फिरा! आता उलटीकडून!" मामा ओरडला. ड्रायव्हर जीपमध्ये पोट धरून हसत होता. ती उलटीकडून आली.

पुढच्या सोमवारी दोन्ही कार्डं टेबलावर आली. पहिलेच फोटो तिचे स्वतःचे. डावी बाजू, उजवी बाजू, एकाच मिनिटाची. तिने ते सवयीने, धंद्याच्या नजरेने पाहिले. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. आईला उचलून बसवायला ती नेहमी तोच खांदा द्यायची. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नसेल तर दुसऱ्या कोणाला असण्याचा प्रश्नच नाही, असं तिच्या मनात आलं. माणसांचे फोटो त्याच दिवशी पुसायचे. तिने दोन्ही पुसले.

मग गवत, कुत्री, कालवा. मग शुक्रवार, सकाळचे पाच पन्नास. एका कार्डावर उजवी कूस. दुसऱ्या कार्डावर, त्याच मिनिटाला, कोयत्यासारखी वाकलेली चार ठिपक्यांची ओळ आणि तिच्या मागे, अर्धंमुर्धं चौकटीत आलेलं, एक पिल्लू. दुसऱ्याची फक्त शेपटी.

ती खुर्चीतून उठली. हे कोणाला तरी दाखवायला हवं होतं. मामा कार्डं देऊन दवाखान्यात गेला होता, गुडघ्याचं पाणी काढायला. साहेब बैठकीला. हेडक्लार्कच्या खुर्चीवर त्याचा कोट होता, तो नव्हता. व्हरांड्यात शिपाई फोनवर कोणाशी तरी भांडत होता. त्याने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या, काय म्हणून. तिने मान हलवली, काही नाही.

आत येऊन तिने अकराच्या नोंदीत लिहिलं: दोन्ही बाजू, पाच पन्नास, दोन पिल्लांसह. 'बाजू' या रकान्यात 'दोन्ही' हा शब्द तिने एकदा लिहिला आणि एकदा वाचला. तिच्या नोकरीचे एकोणीस दिवस उरले होते, आणि अजून चारशेच्या वर फोटो बघायचे होते.

पुढच्या फोटोत कुत्रं होतं. त्याच्या पुढच्यातही तेच.